दहा ग्रॅमचं टोपण

लाल पट्ट्याचा कॅमेरा पिवळ्या पट्ट्याच्या कॅमेऱ्यापेक्षा पंचवीस ग्रॅमने जड भरला, आणि आतोबांच्या मते विषय तिथेच संपला.

"जड आहे म्हणजे आत माल जास्त आहे," वजनं लाकडी पेटीत ठेवत ते म्हणाले. "घ्या लाल."

आतोबा म्हणजे खारूच्या आत्याचे यजमान. वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी घरातल्या कुठल्याही बैठकीला ते तराजू घेऊनच येत. त्यांना कोणी अडवतही नसे, कारण ह्या घराण्यातला सगळ्यात मोठा निर्णय त्याच तराजूवर झाला होता.

कॅमेऱ्याच्या दुकानातून आलेल्या सेल्समनला हे काहीच माहीत नव्हतं. रविवारची दुपार, फ्रेमचं बंद दुकान, भिंतीभर रिकाम्या चौकटी, सरसाचा वास आणि मधल्या टेबलावर तराजू, एवढंच त्याला दिसत होतं. दोन डिजिटल कॅमेरे घेऊन या, घरचे सगळे बघून ठरवतील, असा फोन आला म्हणून तो बिचारा आला होता.

"काका, कॅमेरा वजनावर नसतो हो घ्यायचा," तो म्हणाला. "लालमध्ये चेहऱ्याचा रंग छान येतो, मेनू सोपा आहे. पिवळ्याची पकड चांगली, कमी उजेडात जरा बरा. दोन्हींबरोबर एकेक लेन्स येते. घरात, सहलीला, कुठेही चालते. बाकी दोन्ही उत्तम. डोळे मिटून घ्या."

"मला एकच सांगा," स्टुलावर बसलेले थोरले म्हणाले. दुकान त्यांचं, कॅमेरा लेकीला, खारूला, घेऊन देणार तेच, म्हणून शेवटचा शब्दही त्यांचाच. "ह्या लाल कॅमेऱ्याला पिवळ्या कंपनीच्या जुन्या लेन्स बसतात का?"

"नाही काका. लेन्स बसायचं तोंडच वेगळं असतं."

"नक्की बसत नाहीत?"

"नक्की."

"ठोकून-ठाकून?"

"ठोकून-ठाकूनही नाही."

"आणि पिवळ्याला?"

"पिवळ्याला बसतील. त्यांनी ते तोंड इतक्या वर्षांत बदललेलंच नाही. कितीही जुनी लेन्स आणा, फिरवली की कट् करून बसते."

"मग लालच द्या," थोरले म्हणाले.

सेल्समनला ह्या धंद्यात अकरा वर्षं झाली होती. बसेल ना, म्हणून विचारणारी गिऱ्हाइकं त्याने शेकड्याने पाहिली होती. बसणार नाही ह्याची हमी मागणारं हे पहिलंच.

आता त्याला कोण सांगणार, की एकतीस वर्षांपूर्वी ह्याच जागेत दोन भावांचा फोटो स्टुडिओ होता. उजेड बघून किती वेळ आणि किती प्रकाश द्यायचा हे थोरले ठरवत, आणि फोकस धाकटे लावत. मग बँकेचे मॅनेजर निवृत्त झाले, त्यांच्यासकट बावीस जणांचा ग्रुप फोटो काढला आणि बावीसही जण पुसट आले. थोरले म्हणाले, फोकस चुकला. धाकटे म्हणाले, शटर दाबताना तुझा हात हलला. मॅनेजर राहिले बाजूला आणि ह्या दोघांची अशी जुंपली की आठवड्याभरात वाटणी मागितली गेली. प्रत्येकाला नेमकी तीच वस्तू हवी होती जिच्यावर आळ आला होता, आपला निर्दोषपणा सिद्ध करायला. म्हणून कॅमेरे थोरल्यांनी घेतले आणि लेन्स धाकट्यांनी. मध्यस्थ आतोबा. त्यांनी एका पारड्यात तीन कॅमेरे ठेवले, दुसऱ्यात पाच लेन्स, सगळं पिवळ्या कंपनीचं. काटा लेन्सकडे झुकला, तेव्हा एका लेन्सचं टोपण काढून त्यांनी थोरल्यांच्या पारड्यात टाकलं. दहा ग्रॅमचं. काटा सरळ उभा राहिला आणि आतोबा म्हणाले, कोणावरही अन्याय झालेला नाही.

त्या दिवसापासून थोरल्यांकडे लेन्स नसलेले कॅमेरे आहेत आणि धाकट्यांकडे कॅमेरा नसलेल्या लेन्स. कोणालाच फोटो काढता येईना. थोरल्यांनी फ्रेमचं दुकान टाकलं, धाकट्यांनी बरोबर समोर चष्म्याचं. मधे बारा पावलांचा रस्ता. तेव्हापासून दोघे एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. खारूची आई गेली तेव्हा धाकटे मागच्या दाराने सगळ्यात आधी आले, सगळ्यात शेवटी गेले, आणि बोलले मात्र भिंतीशी.

खारू टेबलाशी उभी होती आणि तिच्या मुठीत एक छोटं पाकीट होतं. लहानपणी ती गालात खाऊ साठवून ठेवायची म्हणून खारू. आता सव्वीस वर्षांची झाली तरी राग आला की तोंडात काहीतरी धरून ठेवल्यासारखे गाल फुगायचे. आत्ता ते चांगलेच फुगले होते.

पाकिटात एक बटण होतं. शर्टाचं, पांढरं, चार भोकांचं. बटणांच्या कारखान्याला आपल्या अकराशे चाळीस बटणांचे वेगवेगळे फोटो हवे होते, आणि कॉम्प्युटरवर हवे होते, त्यामुळे थोरल्यांचे रीळवाले कॅमेरे ह्या कामाचे नव्हते. वर्षभर पुरेल असं काम. चार वर्षं दुसऱ्याच्या झेरॉक्सच्या दुकानात पडद्यासमोर माणसं बसवून 'हनुवटी जरा वर' म्हणण्यात गेल्यावर मिळालेलं तिचं स्वतःचं पहिलं काम. कारखान्याच्या मॅनेजरने ते पाकीट तिच्या हातावर ठेवताना सांगितलं होतं, "उद्या सकाळी दहाला ह्याचा फोटो आणा. भोकं दिसली पाहिजेत. भोकांच्या कडा दिसल्या पाहिजेत. आमचं सगळं कामच कडांचं आहे. नाही जमलं तर दुसरा माणूस तयार आहे."

मघाशी तिने दोन्ही कॅमेऱ्यांच्या सोबतच्या लेन्सने बटणाचा फोटो काढून पाहिला होता. दोन्हींत बटण मसुरीएवढं आलं. जवळ गेलं की लेन्स फोकसच करायची नाही, नुसती घरघरायची.

"ह्याला मॅक्रो लेन्स लागते," सेल्समन म्हणाला होता. "अगदी जवळून काढायची. पण मॅडम, ती कॅमेऱ्यापेक्षा महाग पडते."

तशी एक लेन्स समोरच्या चष्म्याच्या दुकानात होती. बारा पावलांवर.

"बाबा, मला पिवळा हवाय," खारू म्हणाली.

"का?"

"तुम्हाला माहितीय का ते."

"लालमध्ये चेहरे चांगले येतात म्हणतात हे."

"बटणाला चेहरा नसतो, बाबा!"

"रंग तरी असतो ना," थोरले म्हणाले आणि भिंतीवरच्या रिकाम्या चौकटीकडे पाहू लागले.

तिने काकांना परवाच विचारलं होतं. काकांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, लेन्स कपाटातून काढून दाखवलीसुद्धा. औषधाच्या बाटलीचं झाकण तासून तिच्यावर बसवलेलं होतं, कारण खरं टोपण वाटणीत गेलेलं. "तुझीच आहे गं ती," काका म्हणाले होते. "फक्त दादाला म्हणावं, तोंडाने माग. एकदाच. आत्ता देतो." आणि बाबांना हे सांगितल्यावर बाबा म्हणाले होते, "मागतो की. पुढच्या जन्मी."

धाकट्यांची बायको, खारूची काकू, मागच्या दाराने चहा घेऊन आली आणि पहिला कप सेल्समनला दिला. भावांनी अबोला धरला होता, जावांनी कधीच नाही. काकूचं ह्या घरी येणं-जाणं पूर्वीसारखंच होतं, फक्त ती पुढच्या दाराने यायची नाही, म्हणजे कोणाला तिला पाहिलं असं म्हणावं लागू नये.

"मला तर पिवळाच आवडला," काकू म्हणाली. "पट्टा कसा उठून दिसतो."

"पट्ट्यावरून कॅमेरा घेतात होय?" थोरले म्हणाले.

"वजनावरून घेण्यापेक्षा बरं," काकू म्हणाली. आतोबांनी पेटीचं झाकण जोरात लावलं.

पिवळ्याकडे दोन मतं, लालकडे दोन. सगळे आत्याकडे बघू लागले.

आत्या दोन भावांच्या मधली. सकाळी तिने खारूला फोनवर शब्द दिला होता, "मी आहे ना, पिवळाच घ्यायला लावते." पण आता सगळे तिच्या तोंडाकडे बघत असताना तिला काहीतरी वेगळंच वाटायला लागलं. एकतीस वर्षं ह्या दोघांचे निरोप तिने वाहिले होते. 'त्याला सांग, गटार तुंबलंय.' 'त्याला सांग, तुझ्याच बाजूने तुंबलंय.' आठवड्यातून तीन वेळा तिला दोन्हीकडून बोलावणं यायचं, दोन्हीकडे पहिला कप तिचा, दोन्हीकडे तिच्यावाचून पान हलायचं नाही. उद्या ती लेन्स ह्या कॅमेऱ्यावर बसली, तर हे दोघे बोलतील. आणि मग तिला कोण कशाला बोलावणार? ह्याशिवाय दुसरीही एक गोष्ट होती. ती आत्याने एकतीस वर्षं कोणाला सांगितली नव्हती, आणि भाऊ बोलायला लागले की कधी ना कधी तो विषय निघणारच होता.

"तसा लालही वाईट नाही," आत्या म्हणाली.

"आत्या!" खारू ओरडली.

"अगं, मेनू सोपा आहे म्हणतात."

समोरच्या दुकानात धाकटे हे सगळं बघत होते, पण उलटं.

काचेच्या कपाटामागे त्यांनी एक खोकं ठेवलं होतं. खोक्याला पुढे भोक पाडून त्यात दोनशे मिलिमीटरची लांब लेन्स बसवलेली, मागे बटर पेपर ताणलेला. रस्त्यापलीकडचं अख्खं दुकान त्या कागदावर उतरायचं, पण कॅमेरा नसलेली लेन्स चित्र सरळ कशी दाखवणार? सगळं डोक्यावर पडलेलं. करंगळीएवढे थोरले एकतीस वर्षं रोज सकाळी छताला पाय लावून शटर उघडत, छताला पाय लावून झाडत आणि छताला लावलेल्या स्टुलावर बसत. धाकट्यांना त्याची इतकी सवय झाली होती की रस्त्यात कधी थोरले समोरून आले तर त्यांना ते क्षणभर ओळखूच यायचे नाहीत.

आत्ता त्या कागदावर सहा माणसं लटकली होती आणि एक तराजू. मघापासून सेल्समनच्या हातात पिवळा ठिपका होता. आता तो लाल झाला. सेल्समन खिशातून पेन काढत होता.

धाकट्यांच्या शर्टाच्या खिशात सकाळपासून ती मॅक्रो लेन्स होती. दहा वेळा पुसून झाली होती. बोलावणं येईल म्हणून त्यांनी दाढीही केली होती. त्यांना स्वतःचाच राग आला. काय मोठं मागितलं होतं आपण? एक वाक्य. तेसुद्धा त्याला जड झालं. आणि त्या पोरीने काय करायचं?

मग कागदावर थोरले स्टुलावरून उठायला लागले. धाकटे पुढे वाकले. तीन महिने ते हेच बघत होते. उठताना थोरले टेबलाला धरायचे, एक पाय ताठ ठेवायचे, इकडेतिकडे बघून घ्यायचे आणि मगच उठायचे. आत्ता तर टेबलावरचा हात घसरला आणि ते पुन्हा स्टुलावर बसले. दुकानातल्या एकानेही पाहिलं नाही. सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते.

धाकट्यांनी दुकान तसंच उघडं टाकलं आणि रस्ता ओलांडला.

"बिल कोणाच्या नावावर?" सेल्समन विचारत होता.

"थांबा," खारू म्हणाली, आणि तिचा आवाज तिथेच अडला, कारण उंबऱ्यात काका उभे होते. एकतीस वर्षांत पहिल्यांदा, पुढच्या दारात.

काकूच्या हातातला कप तिरका झाला. धाकटे आत आले नाहीत. ते खारूशी बोलले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"ह्या माणसाला सांग, त्या स्टुलावरून असं झटक्यात उठू नकोस म्हणावं. तीन महिने बघतोय मी. उजवा गुडघा पार कामातून गेलाय आणि कोणाला सांगत नाही. डॉक्टरकडे जा म्हणावं. घरात एवढी माणसं आहेत आणि एकाचं लक्ष नाही!"

खारूने वडिलांकडे पाहिलं. गुडघा? कुठला गुडघा? सकाळ-संध्याकाळ ती ह्या माणसाबरोबर जेवत होती.

थोरले भिंतीवरच्या चौकटीकडे बघत होते. त्यांचा चेहरा लाल झाला, मग उतरला. बायको गेल्यापासून त्यांनी कोणाला काही दुखतं म्हणून सांगितलं नव्हतं. सांगायचं कोणाला? पोरीच्या डोक्याला आधीच व्याप. आणि हा, समोरचा, इतकी वर्षं न बोललेला, ह्याला तीन महिने ठाऊक होतं. त्यांना एकदम रडू येईल असं वाटलं. ते येऊ नये म्हणून त्यांनी जे तोंडात येईल ते बोलून टाकलं.

"डावा," ते म्हणाले.

धाकट्यांनी मान वर केली.

"डावा दुखतोय. उजवा नाही," थोरले म्हणाले. ह्या वेळी सरळ धाकट्यांकडे बघून.

"उजवाच," धाकटे म्हणाले.

"अरे, गुडघा माझाय!"

"मी रोज बघतो!"

"कुठून बघतोस?"

धाकट्यांनी सांगितलं, खोकं, लेन्स, बटर पेपर, सगळं. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की उलट्या चित्रात वरचं खाली गेलं की डावंही उजवीकडे जातं. हे त्यांना पाढ्यासारखं पाठ होतं आणि तरी एकतीस वर्षं भावाच्या बाबतीत त्यांनी ते कधी धरलंच नव्हतं.

"म्हणजे तुम्ही बाबांना रोज बघता?" खारूने विचारलं.

"उलटं," धाकटे म्हणाले. जणू त्याने गुन्हा कमी होत होता.

"आणि बाबा रोज सकाळी दहाला तुमचा फोटो काढतात," खारू म्हणाली.

"खारू, गप्प बस!"

"का गप्प बसू? काका, ते रोज जुना कॅमेरा काढतात, तुमच्या दुकानावर रोखतात आणि बटण दाबतात. रीळ नाही, लेन्स नाही. मला सांगतात, शटर जाम होऊ नये म्हणून करतो. मग भिंतीवर का नाही रोखत?"

"लेन्सशिवाय काय दिसतं रे तुला?" धाकट्यांनी विचारलं.

"काय दिसणार," थोरले म्हणाले. "उजेड."

आतोबांनी चष्मा काढून पुसला. सेल्समन पेन हातात धरून उभा होता. त्याला वाटलं, आपण चहा संपवून निघावं, पण पाय निघेना.

थोरल्यांनी टेबलाला धरलं, डावा पाय ताठ ठेवला आणि उठले. ह्या वेळी त्यांनी लपवलं नाही. गल्ल्याखालचा खण ओढून ते त्यात बराच वेळ चाचपत राहिले. खिळे, दोऱ्याची रिळं, तुटकी कर्कटकं बाजूला केल्यावर फडक्यात बांधलेली एक लहानशी वस्तू निघाली. त्यांनी ती धाकट्यांपुढे धरली.

"त्या लेन्सचं टोपण," ते म्हणाले. "औषधाच्या झाकणाने धूळ आत जाते."

तोंडाने मागणं झालं का नाही, ह्यावर ह्या घरात पुढे पुष्कळ वाद झाले. धाकट्यांनी मात्र वाद घातला नाही. त्यांनी उंबरा ओलांडला, खिशातली लेन्स काढली, तिच्यावरचं बाटलीचं झाकण काढून खिडकीतून फेकून दिलं आणि टोपण हातात घेतलं.

"पिवळा," थोरले सेल्समनला म्हणाले.

लेन्स फिरवली आणि ती कट् करून बसली. काकूने टाळी वाजवली.

"एक सांगायचं राहिलं," सेल्समन चाचरत म्हणाला. "बसली तरी ही जुनी लेन्स आहे. फोकस आपोआप होणार नाही, हाताने लावावा लागेल. मीटरही चालणार नाही. प्रकाशाचा अंदाज तुम्हालाच घ्यावा लागेल. पण काळजी नको, फोटो काढून मागे बघायचं, आवडला नाही तर पुन्हा काढायचा."

"बघून काढायचा का काढून बघायचं?" थोरल्यांनी विचारलं. त्यांना हा प्रकार अगदी असभ्य वाटला. ते खिडकीशी गेले, हात पुढे धरून तळव्यावरचा उजेड पाहिला. "वेळ सेकंदाचा साठावा भाग. छिद्र आठवर ठेव."

खारूने तसं केलं. धाकट्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि लेन्सचं कडं दोन बोटांनी फिरवायला सुरुवात केली. स्टँडवर कॅमेरा, खाली टेबलावर काळं कापड, कापडावर बटण. सगळे भोवती वाकले. खारूने श्वास रोखला आणि दाबलं.

फोटो पुसट आला.

खारू पडद्यावर वाकली.

"फोकस," थोरले म्हणाले.

"फोकस काय, हात हलला," धाकटे म्हणाले.

"आता तर मी दाबलंही नाही!"

"तुझ्या पोरीने दाबलं. घराण्यातच आहे!"

"तेव्हाही तुझा फोकस असाच—"

"भांडू नका!" खारू ओरडली. "उद्या दहाला मला हा फोटो द्यायचाय! परत काढू. पण आधी आत्या, तू टेबलावरचा हात काढ. तू टेकलीस की टेबल हलतंय."

सगळ्यांनी आत्याच्या हाताकडे पाहिलं. आत्याने तो चटका बसल्यासारखा उचलला. मग तिचा चेहरा असा काही झाला की आतोबा म्हणाले, "काय गं, बरं नाही का?"

"तेव्हा पाय लागला होता," आत्या म्हणाली.

"कधी?"

"बँकेच्या मॅनेजरच्या वेळी. मी मागून चालले होते. माझा पाय स्टँडला लागला. फोकसही बरोबर होता आणि हातही हलला नव्हता."

थोरले आणि धाकटे तिच्याकडे बघत राहिले. बावीस पुसट माणसं, एकतीस वर्षं, रस्त्याच्या दोन बाजू.

"आणि बोलली नाहीस?" धाकटे म्हणाले.

"तुम्ही दोघं लगेच भांडायला लागलात, मला बोलायला जागा कुठे होती? म्हटलं, उद्या सांगू. मग वाटणी झाली. मग निरोप न्यायला तुम्हाला कोणीतरी हवं होतं." आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "दोघांनाही मी लागत होते. मला बरं वाटायचं. झालं, सांगितलं."

थोरले धाकट्यांकडे वळले. "हिच्याशी बोलायचं नाही."

"नाहीच बोलायचं," धाकटे म्हणाले.

एकतीस वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. थोरले आतोबांना म्हणाले, "भावोजी, तिला सांगा, टेबलापासून चार हात लांब उभी राहा म्हणावं." आतोबांनी तसं सांगितलं. आत्या डोळे पुसत चार हात लांब जाऊन उभी राहिली, आणि खरं सांगायचं तर तिला हलकं वाटत होतं.

दुसरा फोटो काढला. पडद्यावर अख्खं बटण उमटलं. चार भोकं, भोकांच्या कडा, एका कडेवरचा साच्याचा केसाएवढा ओरखडासुद्धा. खारू बघत राहिली आणि तिचे फुगलेले गाल हसण्यात गेले. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या मॅनेजरने तो फोटो खिडकीशी नेऊन पाच मिनिटं न्याहाळला, "कडा आहेत," एवढंच म्हणाले आणि उरलेल्या अकराशे एकोणचाळीस बटणांची खोकी तिच्यापुढे सरकवली. पण ते सोमवारचं.

रविवारी सेल्समन पैसे घेऊन, लाल कॅमेरा पिशवीत घालून, पुन्हा पुन्हा मागे वळून बघत निघून गेला. उन्हं दारातून आत आली होती. थोरले डावा पाय पसरून स्टुलावर बसले होते. धाकट्यांनी तीच लेन्स त्यांच्याकडे वळवली, कडं फिरवलं, थोरल्यांनी बसल्या जागेवरून आकडे सांगितले आणि खारूने बटण दाबलं.

"बघू," धाकटे म्हणाले.

तिने कॅमेरा त्यांच्या हातात दिला. मागच्या पडद्यावर भाऊ होता. सरळ. पांढरे केस वर, पाय खाली, डावं डावीकडे, उजवं उजवीकडे. धाकट्यांनी कॅमेरा जवळ घेतला, लांब धरला. चष्मा खाली ओढला, वर सारला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काय झालं?" थोरल्यांनी विचारलं. "पुसट आलाय?"

धाकट्यांनी कॅमेरा हळूच फिरवून उलटा धरला. थोरल्यांचे पाय वर गेले, डोकं खाली आलं. धाकट्यांचा चेहरा सैल झाला आणि डोळे भरून आले.

"हां," ते म्हणाले. "हा माझा दादा."